साखळीचे सभासद होण्यापूर्वी



निपाणीस माझ्या परिचयाचे एक कुटुंब आहे. सासूबाईंचे उभे आयुष्य विड्या वळण्यात गेले. मुलगा रोज सकाळी कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. सून पदवीधर आहे. परंतु दोन लहान मुलांमुळे तिला घर सोडून नोकरी करता येत नाही. गल्लीतील बारा जणींची दरमहा हजार रुपयांची भिशी आहे आणि गेल्या खेपेस तिचा नंबर या सुनेच्या नावावर लागला. बारा हजार रुपये एकरकमी हाती आले, आणि त्याच आठवड्यात तिचा गडहिंग्लजचा मामेभाऊ खांद्याला बॅग अडकवून दारी उभा राहिला. बॅगेत साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल आणि पाण्यात कालवून प्यावयाची एक पूड होती. आणि या सर्वांच्या तळाशी घडी घातलेला एक रंगीत तक्ता होता. "ताई, बारा हजारांचा माल घेतलास की तू सभासद झालीस. हाताखाली पाच जणी लाव, त्या आणखी पाच-पाच जणी लावतील. दोन वर्षांनी दाजींना कागलला जायची गरज नाही बघ," असे त्याने तिला सांगितले.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, भाऊ खोटं बोलणारा नाही. पण अशा कंपन्या पुष्कळ निघाल्यात म्हणे. त्यातली चांगली कोणती, तेवढं सांगा."

तिचा हा प्रश्न बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर या आपल्या भागातील शेकडो घरांत आज विचारला जात असेल. नेटवर्क मार्केटिंग, चेन मार्केटिंग, एमएलएम अशी त्याची नावे अनेक आहेत. मागणे मात्र एकच असते, की तुम्ही सभासद व्हा आणि इतरांना सभासद करा. अशा कंपनीची निवड कशी करावी, हे आज आपणांस सांगावयाचे आहे. एखाद्या कंपनीचे नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे. परंतु आज चांगली असलेली कंपनी उद्या आपली पद्धत बदलू शकते, आणि ऐकणाऱ्याला मात्र ते नाव तेवढे लक्षात राहते. म्हणून नाव सांगण्यापेक्षा पारख सांगणे मला अधिक सोयीचे वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की दारोदार जाऊन माल विकण्यात गैर असे काही नाही. बांगड्या भरणारा कासार, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, खांद्यावर साड्यांचे गाठोडे घेऊन फिरणारा विक्रेता, ही सगळी आपल्या उंबऱ्यावर येणारी माणसे होती आणि आहेत. दररोज संध्याकाळी दुकानादुकानांतून दहा-वीस रुपये गोळा करणारा पिग्मीवाला तर आपल्या बाजारपेठेचा एक घटकच होय. पुढे सिंडिकेट बँक या नावाने ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने ही पिग्मी १९२८ साली सुरू केली. या सर्वांना मिळणारी मिळकत कोठून येते, ते आपणांस स्पष्ट दिसते. कासाराला बांगडीवर नफा मिळतो. पिग्मीवाल्याला गोळा केलेल्या ठेवीवर दलाली मिळते, आणि ठेव आपल्या नावावर शिल्लक असते. बांगड्या भरून झाल्यावर कासार आपल्याला असे म्हणत नाही, की आता तुम्हीही कासार व्हा आणि आणखी पाच कासार तयार करा.

साखळी विक्रीत नेमकी हीच गोष्ट नवी असते. येथे सभासदाला दोन मार्गांनी मिळकत होऊ शकते. एक, त्याने स्वतः विकलेल्या मालावरील नफा. आणि दुसरा, त्याच्या हाताखाली लागलेल्या माणसांच्या व्यवहारावरील हिस्सा. हाताखालच्या या माणसांना 'डाऊनलाईन' आणि वरच्यांना 'अपलाईन' असे म्हणतात. खालच्या माणसांनी बाहेरच्या गिऱ्हाइकांना माल विकला आणि त्यावर वरच्याला थोडा हिस्सा मिळाला, तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार यांच्यातही नफ्याची वाटणी होतेच. परंतु माल बाहेर जातच नसेल, सभासदच तो घेत असतील आणि तोही केवळ सभासदत्व टिकविण्यासाठी घेत असतील, तर वरच्याला मिळणारा पैसा हा खालच्याने भरलेलाच पैसा असतो. माल हे मग केवळ निमित्त उरते.

यावरून सगळ्या पारखीचे मूळ असलेला एकच प्रश्न निघतो, आणि तो मी त्या सुनेस लिहून दिला. ज्याला सभासद व्हावयाचे नाही असा माणूस हा माल, या किमतीला, दुसऱ्यांदा मागून घेईल काय? उत्तर होकारार्थी असेल, तर तो व्यापार आहे. उत्तर नकारार्थी असेल, तर कंपनीचे कार्यालय कितीही देखणे असो आणि सभेतील टाळ्या कितीही मोठ्या असोत, आपण पैसे देऊन रांगेत उभे राहतो आहोत एवढाच त्याचा अर्थ. वडगाव-खासबागच्या विणकराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मागावरून उतरलेली साडी नेसणाऱ्या बाईपर्यंत पोहोचते तेव्हा ती विकली गेली. व्यापाऱ्याच्या गोदामात तिची थप्पी लागली तर तिचा पैसा कोठे तरी अडकलेला आहे, हे तो पुरते ओळखून असतो.

बाहेरचा गिऱ्हाईक नसलेल्या व्यवहारांचे काय होते, याची उदाहरणे शोधावयास दूर जावे लागत नाही. २०१९ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथील महारयत ॲग्रो या कंपनीचे कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण उघडकीस आले. शेतकऱ्यांनी पैसे भरून कोंबड्या घ्यावयाच्या, त्या वाढवावयाच्या आणि त्यांची अंडी कंपनीच चढ्या भावाने परत घेणार, अशी ती योजना होती. सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांतील अनेक शेतकरी तीत अडकले. ही साखळी विक्री नव्हती, हे खरे. परंतु दोष तोच होता. त्या भावाने अंडे घेणारा गिऱ्हाईक बाजारात होता की नाही, हे पाहण्याचे राहून गेले. माल विकणारा आणि परत घेणारा एकच, आणि त्याने हात वर केले की सगळेच संपले.

दुसरे उदाहरण स्पीक एशिया या कंपनीचे. सुमारे ११ हजार रुपये वर्गणी भरून सभासद व्हावयाचे, इंटरनेटवरील प्रश्नावल्या भरावयाच्या, त्याबद्दल पैसे मिळवावयाचे आणि आणखी सभासद आणून अधिक पैसे मिळवावयाचे, असे तिचे स्वरूप होते. त्या प्रश्नावल्यांची उत्तरे कोणाला हवी होती आणि त्यांचे मोल कोण देत होता, हा साधा प्रश्न लाखो सुशिक्षित लोकांनी विचारला नाही. २०११ साली कंपनीचे व्यवहार थांबले आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तपास गेला. नव्या वर्गणीचा ओघ आटताच जुन्यांना देण्यासाठी पैसा उरत नाही, हे अशा प्रत्येक योजनेचे भविष्य असते.

आता मामेभावाच्या त्या रंगीत तक्त्याकडे वळू. एकाने पाच, पाचांनी पंचवीस, हे ऐकताना फार सोपे वाटते. आपण जरा पुढे मोजू. तिसऱ्या पायरीवर १२५, चौथीवर ६२५, पाचवीवर ३,१२५, सहावीवर १५,६२५ आणि सातवीवर ७८,१२५ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार निपाणी शहराची लोकसंख्या, पाळण्यातली मुले धरून, सुमारे ६३ हजार होती. म्हणजे सातव्या पायरीला निपाणी पुरत नाही. दहाव्या पायरीवर ९७,६५,६२५ माणसे हवीत. आणि त्याच जनगणनेत सबंध बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या होती ४७,७९,६६१. अथणीपासून खानापूरपर्यंतचे एकूण एक माणूस सभासद केले तरी त्या पायरीची निम्मीही संख्या भरत नाही.

या मोजणीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. पाच-पाचांची ही साखळी कोणत्याही पायरीवर थांबली, तरी त्या क्षणी तिच्यातील शंभरांपैकी जवळजवळ ऐंशी माणसे अगदी शेवटच्या ओळीत असतात. त्यांच्या हाताखाली कोणीच नसते. त्यांनी आळस केला म्हणून ती तेथे असतात असे नाही. साखळीची रचनाच तशी आहे. सभेत व्यासपीठावर ज्याचा सत्कार होतो तो वरच्या ओळीतील असतो. शेवटच्या ओळीतील माणसे समोर खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवीत असतात. म्हणून जेव्हा एखादी कंपनी मिळकतीचा मुख्य भाग सभासद जोडण्यावर ठेवते, तेव्हा तिच्या बहुसंख्य सभासदांचे नुकसान आरंभीच ठरून गेलेले असते.

आपल्या देशातील कायद्याने हा भेद फार पूर्वी ओळखला. प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन स्कीम्स यांवर बंदी घालणारा कायदा १९७८ साली संसदेने केला. सभासद नोंदविण्याशी निगडित अशी पैशाची आश्वासने देणाऱ्या योजना त्याने निषिद्ध ठरविल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अशी योजना चालविणाराच तेवढा दोषी, असे हा कायदा म्हणत नाही. तीत सभासद होणे, भाग घेणे, तिच्यासाठी पैसे घेणे वा पाठविणे, हेही त्याने मना केले आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. म्हणजे जो आज आपल्या मावशीला सभासद करून घेतो, तो उद्या केवळ फसलेला माणूस म्हणून सुटेलच असे नाही.

प्रामाणिक थेट विक्रीला मात्र कायद्याने वाट मोकळी ठेवली आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१६ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम जारी केले. त्यांतून सामान्य माणसाला उपयोगी पडतील अशा कसोट्या आपण एकेक करून पाहू.

पहिली कसोटी प्रवेशाच्या पैशाची. चांगल्या कंपनीत सभासद होण्यास फी पडत नाही, आणि नुसता माणूस आणून दिल्याबद्दल कोणाला मोबदला मिळत नाही. २०१६ च्या सूचनांत हे स्पष्ट आहे. फी हा शब्द टाळून 'किट घ्या', 'पहिली खरेदी एवढ्या रकमेची करा' असे सांगितले जाते, तेथे सावध व्हावे. वाजवी मुदतीत विकला किंवा वापरला जाईल त्याहून अधिक माल विक्रेत्याच्या गळ्यात मारू नये, हेही त्याच सूचनांत आहे. बारा हजारांचे साबण आणि तेल चार माणसांच्या घरात किती महिने पुरेल, याचा विचार कोणीही गृहिणी करू शकते.

दुसरी कसोटी परतीची. न विकलेला, चांगल्या स्थितीतील माल कंपनी परत घेते काय, किती दिवसांत घेते, किती पैसे कापते, आणि हे सर्व लेखी आहे काय, हे विचारावे. तसेच करार केल्यावर काही दिवसांच्या आत, दंड न भरता, माघार घेण्याची मुभा २०२१ च्या नियमांत आहे. आपल्या करारात ती मुदत किती दिवसांची आहे, तो आकडा बोटाने दाखवावयास सांगावा. येथे अमेरिकेतील एक दाखला उपयोगी पडेल. १९७९ साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ॲमवे कंपनीला पिरॅमिड ठरविण्याचे नाकारले, ते मुख्यतः तिच्या तीन नियमांच्या आधारे. सभासदाकडे पडून राहिलेला माल परत घ्यावयाचा. महिन्यात घेतलेल्या मालापैकी निदान सत्तर टक्के माल पुढे विकावयाचा. आणि बोनस हवा असेल तर दहा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विक्री झालेली दाखवावयाची. तिन्ही नियमांचा रोख एकच, की माल खऱ्या गिऱ्हाइकापर्यंत जावा.

परंतु त्याच कंपनीची दुसरी बाजूही ऐकून ठेवावी. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ साली तिच्या भारतातील योजनेविषयी प्रतिकूल मत दिले; आणि एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने पिरॅमिड पद्धतीचा आरोप ठेवून तिची ७५७ कोटींहून अधिक किमतीची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, हे येथे सांगितलेच पाहिजे. परंतु जगभर दुकान मांडलेल्या कंपनीचीही पद्धत ठिकाणोठिकाणी तपासली जाते, तर आपण केवळ नाव ऐकून विश्वास का ठेवावा? कंपनी नोंदलेली आहे, ती आयकर भरते, तिची मोठी इमारत आहे, एवढ्याने तिची योजना चांगली ठरत नाही. नोंदणी हा जन्माचा दाखला आहे. वर्तणुकीचा दाखला निराळा असतो.

तिसरी कसोटी कागदपत्रांची. २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीचे निदान एक प्रत्यक्ष नोंदणीकृत कार्यालय भारतात असले पाहिजे. विक्रेत्याशी लेखी करार झाला पाहिजे. आणि त्याला ओळखपत्र मिळाले पाहिजे. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरविल्याशिवाय त्याने कोणाच्या घरी माल विकण्यास जाऊ नये, असाही नियम आहे. तक्रार ऐकणारा अधिकारी नेमलेला हवा. त्याने तक्रार मिळाल्याची पोच कामाच्या ४८ तासांत द्यावयाची आणि सामान्यतः महिन्याभरात तिचा निकाल लावावयाचा. त्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक सभासद होण्यापूर्वीच मागून घ्यावा आणि एकदा तेथे फोन करून पाहावा. जो फोन आज उचलला जात नाही तो पैसे भरल्यावर उचलला जाईल, असे मानण्यास कारण नाही.

चौथी कसोटी मालाविषयीच्या बोलण्याची. खाण्यापिण्याच्या वस्तूच्या वेष्टनावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, तो पाहावा. पाण्यात कालवून प्यावयाच्या पुडीने साखरेचा आजार जातो, कर्करोग बरा होतो, असे कोणी सांगू लागला तर तेथूनच परतावे. १९५४ च्या कायद्याने अशा रोगांवरील उपायांच्या जाहिरातींना बंदी आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतून आणि विड्यांच्या सुपांपुढे ज्यांनी वर्षानुवर्षे धूळ गिळली, त्या बायकांच्या खोकल्यावर अशी पूड विकणारा मनुष्य पैसे तर नेतोच, पण त्यांना वेळेवर डॉक्टरकडे जाऊ देत नाही. ही हानी बारा हजारांहून मोठी आहे.

पाचवी कसोटी हिशेबाची. आपल्याला बोलाविणाऱ्या माणसाला मिळालेला सर्वांत मोठा चेक पाहू नये. त्याचा गेल्या बारा महिन्यांचा जमाखर्च पाहावा. समजा, सभासदत्व चालू राहण्यासाठी दरमहा २,५०० रुपयांचा माल घ्यावा लागतो. वर्षाचे झाले ३०,०००. त्यांपैकी ८,००० रुपयांचा माल बाहेर ९,६०० रुपयांना विकला, नफा १,६००. उरलेला २२,००० रुपयांचा माल घरातच वापरला. तशाच वस्तू किराणा दुकानात १२,००० रुपयांना आल्या असत्या, म्हणजे १०,००० रुपये जादा गेले. कंपनीकडून वर्षभरात कमिशन मिळाले ६,०००. कोल्हापूर-बेळगावच्या सभा, त्यांची तिकिटे, बसभाडे, चहापाणी यांवर गेले ४,०००. जमेस ७,६०० आणि खर्चास १४,०००. वर्षअखेर ६,४०० रुपये खिशातून गेले. तरीही तो माणूस प्रामाणिकपणे सांगतो, की मला सहा हजार कमिशन मिळाले. तो खोटे बोलत नाही. त्याने वहीचे एकच पान वाचलेले असते.

येथपर्यंतच्या कसोट्या कोठल्याही गावाला लागू पडतील. आपल्या सीमाभागाच्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत.

एक गोष्ट कायद्याच्या हद्दीची. आपल्याकडे माणूस राहतो निपाणीत, सभा होते कोल्हापुरात, वरचा सभासद असतो गडहिंग्लजचा आणि कंपनीचे कार्यालय दिल्लीला वा आणखी कोठे. काही बिघडले की कोणत्या राज्याच्या पोलिसांकडे जावयाचे, या घोळातच महिने जातात. ग्राहकापुरता हा घोळ २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मिटविला आहे. कंपनी कोठलीही असो, तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे त्याला जाता येते. म्हणजे निपाणीच्या माणसाला बेळगावला जावे लागेल, दिल्लीला नव्हे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करूनही आरंभ करता येतो. परंतु हा आधार स्वतःच्या वापरासाठी माल घेणाऱ्याला आहे. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने ग्राहक ठरत नाही. सभासद झाल्यावर आपली बाजू ज्याच्या बळावर मांडावयाची, ते लेखी करारपत्रच होय. आणि हे करारपत्र बहुधा इंग्रजीत असते. पुष्कळदा तर ते कागदावर येतच नाही. मोबाईलवर आलेला आकडा समोरच्याला सांगितला की करार झाला! तेव्हा करार छापून मागावा, आपल्या भाषेत त्याचा अर्थ समजून घ्यावा, आणि मगच सही करावी किंवा तो आकडा सांगावा.

दुसरी गोष्ट माणसांची. सभासद झाल्याबरोबर पहिले काम सांगतात ते ओळखीच्या शंभर जणांची नावे लिहून काढण्याचे. आपल्याकडे ही शंभर नावे कोणती असतात? मामा गडहिंग्लजला, मावशी चिकोडीला, नणंद खानापूरला, आतेबहीण कागलला. राज्यांची सीमा मधून गेली तरी सोयरीक तुटलेली नाही. लग्नाच्या पत्रिका दोन्हीकडे जातात. ती शंभर नावे म्हणजे घरच्या लग्नपत्रिकेची यादीच. मोठ्या शहरात माल नको असेल तर माणूस दार लावून घेतो. आपल्याकडे जावयाला, भाच्याला, वहिनीच्या माहेरच्या माणसाला दार लावून घेता येत नाही. तो भिडेने पैसे देतो, आणि पैसे बुडाले की भिडेनेच काही बोलत नाही. फक्त पुढच्या लग्नाला यावयाचे टाळतो. कंपनी जे विकते त्यात साबण आणि तेल असते. आपण जे विकतो त्यात ही भीड असते, आणि तिची किंमत कोठल्याही तक्त्यात लिहिलेली नसते.

म्हणून माझी सूचना अशी, की सभासद होण्यापूर्वी पाच घरे करावीत. ज्यांचा आपल्याशी नात्याचा संबंध नाही आणि आपली ज्यांना भीड नाही, अशी पाच घरे निवडावीत. थोडासा माल घेऊन तेथे जावे, छापील किंमत सांगावी, सभासदत्वाचा शब्दही काढू नये. पंधरा दिवसांनी पुन्हा जावे आणि आणखी हवे काय, एवढेच विचारावे. पाचांपैकी तिघांनी पुन्हा मागितले, तर त्या मालात दम आहे. मग वरच्या कसोट्या लावून कंपनीचा विचार करावा. कोणीच मागितले नाही, तर त्या पाच घरांनी आपल्याला मोठ्या नुकसानीतून वाचविले असे समजावे.

निपाणीच्या त्या सुनेने तसे केले. मामेभावाकडून तिने थोड्या वस्तू घेतल्या आणि पलीकडच्या गल्लीत पाच घरे केली. दोन घरांनी किंमत ऐकूनच हात जोडले. तिघींनी साबण आणि तेल घेतले. पंधरा दिवसांनी साबण कोणालाच नको होता. पुडीला तर आरंभापासूनच कोणी हात लावला नव्हता. केसांचे तेल मात्र एका बाईने पुन्हा मागितले, आणि सुनेला स्वतःलाही ते आवडले होते. भाऊ पुन्हा आला तेव्हा तिने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "दादा, तेल चांगलं आहे. महिन्याला दोन बाटल्या तुझ्याकडूनच घेईन, रोख पैसे देऊन. पण सभासद मी व्हायची नाही."

तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "ताई, बाटल्यांचं काय घेऊन बसलीस? तू लागली नाहीस तर माझी ओळ पुरी कशी व्हायची?"

हे वाक्य तिने मला जसेच्या तसे सांगितले. त्याला गिऱ्हाईक मिळाले होते, तेही कायमचे आणि रोखीचे. कासाराला असे गिऱ्हाईक मिळते तर तो समाधानाने उठला असता. या मुलाला त्याचा काहीच उपयोग नव्हता, कारण त्याच्या योजनेत गिऱ्हाइकाला जागाच नव्हती. तो मुलगा वाईट नाही. त्याचे स्वतःचे पैसे गुंतलेले आहेत आणि ते सोडविण्यासाठी तो आपल्या माणसांच्या दारी फिरतो आहे. त्याच्यासारख्यांना दोष देण्यापेक्षा, त्यांना शेजारी बसवून त्यांच्याच वहीतील बारा महिन्यांचा हिशेब त्यांना करून दाखविणे, हे आपले काम आहे.

भिशीच्या पैशांतून त्या सुनेने थोरल्या मुलाची शाळेची फी भरली आणि उरलेली रक्कम बँकेत ठेवली. मामेभाऊ दिवाळीला येणार आहे. त्या वेळी वही घेऊन ये, असे तिने त्याला सांगून ठेवले आहे.